खडखडाटातली कादंबरी

तिचं नाव विचारायचं राहिलं, पण तिचे हात आठवतात. बोलताना ते सारखे हलायचे, आणि आवाज असा चढा की सगळी खोली वळून बघायची. हस्तलिखित पुरं कसं करावं, प्रकाशकापुढं कसं मांडावं, हे शिकायला आम्ही सांगलीत जमलो होतो. ती माधवनगरच्या यंत्रमागाच्या शेडात कामाला होती, आणि तिथल्याच बायकांवर तिनं कादंबरी लिहिली होती.

शिकवणाऱ्या संपादकांनी चार पानं उलटली न उलटली तोच निकाल दिला. "यात संवादच नाहीत. संवाद घाला, मग बघू."

"आवं, मागांच्या खडखडाटात कोण बोलतंय? आमी दिसभर हातानंच बोलतो. त्येच तर लिवलंय!"

"पण वाचकाला कळायला नको का?" ते हसले. त्यांच्यामागून सगळा वर्ग हसला. माझं डोकंच फिरलं. न वाचता हसायचं?

ती उठली, त्यांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि काही न बोलता तळहात पुढं केला. त्यांनी मुकाट्यानं हस्तलिखित त्यावर ठेवलं.

"कळलं न्हवं?" ती कडाडली. "मग संवाद कशाला पायजेत?"