व्याही चौकशीला निघाले की

ये बाई, अशी जवळ बस. दारात उभ्या उभ्या 'बरं आहे ना मावशी' म्हणायचं आणि माझं उत्तर तोंडातून निघायच्या आत चपला घालायच्या, ही कुठली रीत शिकलीस तू? माझ्या अकोल्याच्या व्याह्यांच्या हाती लागली असतीस म्हणजे कळलं असतं. माणसाला 'काय चाललंय' विचारून त्याचं सांगणं संपेपर्यंत समोर बसून राहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात आता एकच उरला आहे, आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे.

जन्मभर त्यांनी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर तुळशीला पाणी घालत बसतील असं आम्हाला वाटलं, तर कॉलेजनंच परत बोलावलं. आता म्हणे पदवी घेऊन गेलेली पोरं पुढे काय करतात, कोणाला नोकरी लागली, कोण शिकतंय, कोण घरी आहे, हे कॉलेजला वर कळवावं लागतं. नवे मास्तर फोन लावायचे आणि पोरं उचलायची नाहीत. म्हणून काम व्याह्यांकडे आलं. व्याही म्हणाले, फोनवर माणूस काहीही ठोकून देतो, घरी गेलं की डोळ्यांत दिसतं. झालं, तेव्हापासून खांद्याला कापडी पिशवी आणि बुडाखाली लाल एसटी.

मग कुठलंही ठिकाण त्यांना वर्ज्य राहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरून 'बी.एस्सी.ले होता ना तू?' म्हणायचे, की जिलबी वरच्या वर राहायची आणि सगळी पंगत खोळंबायची. माझ्या यजमानांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रक्त घ्यायला आलेल्या मुलीला यांनी विचारलं, 'शिकली ते कामी आलं काय वं?' ती बिचारी सुई हातात धरून सांगत बसली, आणि यजमान दंड उघडा टाकून ऐकत राहिले. दुसरं करणार काय? चिखलदऱ्याला सगळे हवा खायला गेलो, तर हे दिवसभर एका जुन्या विद्यार्थ्याच्या कॉफीच्या टपरीवर. पोरगा पोटापुरतं कमावतो एवढ्यावर चेहरा असा फुलला, जणू घास यांच्याच तोंडात पडला. आणि एखादं पोरगं नुसतं घरी बसलेलं कळलं, की लेकीचा फोन यायचा, 'आई, आज मामंजी अर्धी भाकर ठेवून उठले.' एक खोड मात्र वाईट. आपली ओळख आधी सांगायची नाही. ओळख सांगितली की लोक सावध होतात म्हणे.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आले नि म्हणाले, विहीणबाई, नांदगावले येता काय, एक पोरगा काही केल्या फोन उचलत नाही. नांदगाव खंडेश्वरला माझी चुलतबहीण असते, म्हणून मीही निघाले. मी ठेवणीतलं पातळ नेसलेली, त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा. विचारत विचारत त्या मंगेशच्या घरी पोचलो. आई दारात तूर पाखडत होती. व्याह्यांनी नमस्कार केला नि सुरू झाले: पोरगं किती शिकलं, सध्या काय करते, नोकरीचं कुठं जमलं काय. आता तूच सांग, आपल्याकडे इस्त्रीचा सदरा घालून, सोबत बाईमाणूस घेऊन, हे प्रश्न कोण विचारतं? त्या माउलीनं सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, शेजारून खुर्च्या मागवल्या आणि चुलीवर कढई चढवली. मला उमगलं, व्याह्यांना नाही. मी डोळ्यांनी खुणावलं, तर म्हणाले, कचरा गेला काय डोळ्यात?

मंगेश आला. केस ओले, नव्या शर्टावर घड्या तशाच. खाली मान घालून पाया पडला, वर पाहिलं आणि सरांना ओळखलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी नाही सांगत. पण आईला त्यानं काही कळू दिलं नाही, खाली बसला. ती पोह्यांच्या बशा ठेवत बोलत होती.

"नोकरी नाही जी अजून, खोटं कायले सांगू? वावर आहे, पोराले सुपारीचंबी व्यसन नाही. पोरीवाले दारातूनच फिरतात. तुमी पान्याले त थांबले."

तेव्हा कुठे व्याह्यांना कळलं. 'कळवतो' म्हणून उठता आलं असतं, सगळेच तसं उठतात. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बाई, मी स्थळ घेऊन नाही आलो. मी याचा मास्तर. कॉलेजातून विचारायले आलो."

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. मग रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून बोलली.

"मंग नोकरी देता काय त्याले?"

"नाही."

"मंग विचारता कायले?"

शेवटी मंगेशनंच पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "राहू दे ना आई, सर एवढ्या दुरून आले."

आम्ही एसटीनं परतलो. कॉलेजचं काम त्यांनी सोडलं. पुढे कितीतरी दिवस कोणालाच काही विचारलं नाही, आणि लेक म्हणायची, घर खायला उठतं गं आई. मग एका सकाळी माझ्या दारात उभे. पिशवीत मंगेशची पत्रिका नि फोटो. नांदगावला जाऊन, त्याच्या आईला विचारून आणलेला.

आता ते पोरीच्या बापांसमोर बसतात, आणि प्रश्न त्यांना येतो: पोरगा काय करते? ते सांगतात, शेती करते, नोकरी नाही. बाप उठतात. गुडघे दुखतात यांचे, तरी पुढच्या गावाची गाडी धरतात. चांदूर बाजारच्या एकानं मात्र नाही म्हटलं नाही. पोरीले विचारतो, म्हणाला.

येत्या रविवारी तो बाप पोरीला घेऊन माझ्याकडे यायचा आहे, मंगेशही आईला घेऊन येईल. जमेल की नाही, देव जाणे. मला त्या पोरीच्या बाजूला बसणारं कोणीतरी तिच्या वयाचं हवं, तिच्या मनात काय आहे ते हळूच ऐकून घेणारं. म्हणून म्हणते, लवकर ये बाई. आदल्या रात्रीच मुक्कामाला ये.