नॉर्मल : छप्पनपर्यंत

"बुधवार, ११ नोव्हेंबर. पहाटे गारठा. मोलकरीण आली नाही. भांडी मी घासली. साडेदहाला ह्यांना संस्थेतून फोन. बावीस मिनिटं बोलले. दुपारी जेवले नाहीत. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, न जेवण्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा ताप होता."

बायकोच्या वहीत एवढंच होतं. अंदाज लिहायची तिला सवय नव्हती. त्या बावीस मिनिटांत नवऱ्याचं काय गेलं, ते तिला संध्याकाळी कळलं.

गेलं होतं ते त्यांचं नॉर्मलपण.

नॉर्मलराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते चिकटलं संस्थेत. संस्था यकृताच्या आजारांवर संशोधन करायची आणि नॉर्मलराव तिच्या फ्रीझरचे राखणदार होते. पद कारकुनाचं, काम रक्ताचे नमुने जपायचं. रक्त यंत्रात गरगर फिरवलं की वर पिवळसर पाणी येतं. ते बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरायचं, नळीवर पेन्सिलीनं नाव-तारीख घालायची आणि खोक्यात लावून उणे ऐंशी अंशांत ठेवायचं. एका खोक्यात एक्क्याऐंशी नळ्या, नवाच्या नऊ ओळी. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. वीज गेली तर लोक मेणबत्ती शोधतात, नॉर्मलराव चप्पल शोधत आणि संस्थेकडे पळत.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या डॉक्टरांना एक आकडा हवा होता. यकृताला इजा झाली की त्यातलं एसजीपीटी नावाचं विकर रक्तात उतरतं. ते किती उतरलं म्हणजे आजार म्हणायचा? त्यासाठी आधी धडधाकट माणसांत ते किती असतं हे पाहायला हवं. बाहेरून माणसं आणायची तर त्यांना समजवावं लागतं, विनवावं लागतं. कर्मचाऱ्यांना नुसतं बोलावलं की झालं. अटी तीनच होत्या : आजारी नसावा, दारू पिणारा नसावा आणि त्या दिवशी हजर असावा. असे चाळीस निघाले. त्यांत दोन ड्रायव्हर होते, उपाहारगृहाचे मॅनेजर होते आणि ताज्या लग्नानं गाल भरलेले आपले राखणदारही होते. बाह्या वर झाल्या, रक्त निघालं, सरासरी काढून वर थोडी सूट धरली आणि रेषा मारली : छप्पन. तेव्हापासून संस्थेच्या प्रत्येक रिपोर्टावर छापून येऊ लागलं, "नॉर्मल : ५६ पर्यंत."

राखणदारांचा आकडा चोपन्न आला होता. काठावर का होईना, पास! ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगितली की कंटाळून लोकांनी नावच पाडलं. त्यांना राग आला नाही. शेजारच्या कुणाचा रिपोर्ट हाती आला की चष्मा पुसून ते म्हणत, "हे नॉर्मल लिहिलंय ना, ते मी." निवृत्तीच्या दिवशी श्रीफळ दिलंत तर नेईन, पण माझ्या नळ्या फेकू नका, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

फोन नव्या डॉक्टरीणबाईंचा होता. आवाज गोड होता आणि तिथंच घात झाला.

"काका, ती जुनी रेषा चुकली असावी असं वाटतंय. चाळिसांतले चार-पाच आकडे जास्तच वर आहेत. त्यांना वगळलं तर रेषा पस्तिसाच्या आसपास येते."

"कुणाकुणाचे वर आहेत?" हे त्यांनी उगाच विचारलं.

"तुमचा सगळ्यांत वर आहे, काका."

मग तिनं समजावून सांगितलं, की त्या वेळी सोनोग्राफी सहज होत नसे. यकृतात चरबी साठली तरी माणूस हिंडता-फिरता असतो, त्यामुळे अशी माणसं धडधाकटांत बसून गेली असतील. यकृताला सूज असली की रक्तात वाढणारं आणखी एक प्रथिन आता सापडलंय. ते जुन्या नळ्यांत तपासता येईल. त्या चार-पाच जणांत आज हयात असे तुम्हीच एक आहात, काका. परवानगीची सही तुमची लागेल. आणि नळ्याही तुम्हालाच शोधाव्या लागतील, कारण कॉम्प्युटरात तुमच्या काळातल्या खोक्यांपुढे "जागा अज्ञात" एवढंच येतंय.

संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, देह भरघोस, जीभ त्याहून. हकीकत ऐकून तो हसत सुटला, आणि मग एकदम सरसावून बसला.

"भावोजी, थांबा. माझा एकोणपन्नास आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? छप्पनच्या आत आहे म्हणून मी गेली चार वर्षं निर्धास्त जेवतोय! तुम्ही सही केलीत की मी बसल्या जागी रोगी. नाही म्हणून टाका ना. सांगा, नळ्या सापडत नाहीत. एवढा जुना माल, कोण विचारतोय?"

"तुझं पोट गुडघ्याला लागायला आलंय," बायको वही मिटत म्हणाली. "ते बघायला रेषा कशाला हवी?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस. भावोजी, उलट तुमचे उपकारच आहेत. तुम्ही जरा बारीक असता तर मी केव्हाच आजारी पडलो असतो!"

नॉर्मलराव हसले नाहीत. मात्र मेहुण्याचा सल्ला त्यांना मनातून पटला होता, आणि मेहुण्याचा सल्ला पटण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. सापडल्या नाहीत, दोन शब्द. नळ्या गेल्या की पुरावा गेला, आणि उरलेली वर्षं छप्पनच्या आत सुखानं जातील.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते संस्थेत गेले. फ्रीझरची खोली तशीच होती, तीच घरघर, तोच थंडगार कोरडा वास. फक्त त्यांच्या टेबलाच्या जागी कॉम्प्युटरचा एक पडदा होता आणि त्यावर रंगीत चौकोन होते. डॉक्टरीणबाईंनी जाड हातमोजे दिले. दार उघडताच पांढरी वाफ पायांवर उतरली.

नळ्या कुठे आहेत हे डोळे बांधूनही त्यांनी सांगितलं असतं. फ्रीझरचं दार दर वेळी उघडलं की पुढची खोकी जराशी तापतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हे ते हातानं शिकले होते. म्हणून नियम काही असो, जपायचा माल ते मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीशी लावत. तिथे लहान मुलांचे नमुने होते, परत कधी मिळणार नाहीत अशा रुग्णांचे होते, आणि त्यांच्याही मागे, सगळ्यांत सुरक्षित जागी, स्वतःचे. इतक्या वर्षांत त्या खोक्याला उबेची झुळूक लागू दिली नव्हती. आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या निगुतीनं कुणी सांभाळला नसेल.

त्यांनी पुढची दोन खोकी उगाच सरकवली, वाकले, दार लावलं.

"नाहीत," ते म्हणाले.

"असू दे, काका," डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्या काळी नोंदीच नीट ठेवत नसत. मी लेखात तसं लिहीन."

"काय लिहाल?"

"नमुने गहाळ."

"छापून येईल?"

"हो, तळटीप म्हणून. लहान अक्षरांत."

नॉर्मलरावांचे कान लाल झाले. आजारी म्हटलेलं एक वेळ चाललं असतं. आजार काय, कुणालाही होतो. पण गहाळ? वादळात दोन दिवस वीज गेली तेव्हा कोरड्या बर्फाच्या पेट्या खांद्यावरून वाहिल्या, बायकोचं बाळंतपण चालू असताना फ्रीझरच्या दाराची रबरी पट्टी बदलत बसले (बायकोच्या वहीत तारखेसह नोंद आहे, शेरा नाही), आणि आता लहान अक्षरांत गहाळ!

"मॅडम," ते म्हणाले, "या फ्रीझरमधून काहीही गहाळ झालेलं नाही."

त्यांनी दार पुन्हा उघडलं. मधला कप्पा, मागची भिंत, खालून दुसरं खोकं. हात खांद्यापर्यंत आत गेला आणि खोकं घेऊन बाहेर आला. चौथी ओळ, पाचवी नळी आणि तिच्या शेजारच्या दोन. पेन्सिलीची अक्षरं कालच लिहिल्यासारखी होती. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली.

"इतका जुना नमुना या स्थितीत मी आजवर पाहिलेला नाही, काका."

"तुम्ही म्हणालात ना, त्या काळी नोंदीच नीट..."

"चुकलं माझं."

"तेही छापा," नॉर्मलराव म्हणाले, आणि सही केली. नेहमीची कारकुनी सही होती, आज जरा पल्लेदार आली.

आलाच आहात तर, म्हणून बाईंनी त्यांना खालच्या मजल्यावर सोनोग्राफीला नेलं. जेल गार होतं, निकाल कोमट : चरबी आहे, दुसऱ्या पायरीची, बरीच जुनी असावी. घाबरण्यासारखं नाही, पण सात किलो उतरवा, रोज चाला, गोड आणि तळलेलं कमी करा.

घरी आल्यावर त्यांनी आधी मेहुण्याला फोन लावला.

"सापडल्या."

"भावोजी, तुम्ही माझं वाटोळं केलंत."

"उद्या सहाला खाली ये. चालायला जायचंय."

"सहा म्हणजे संध्याकाळचे ना?"

"सकाळचे," नॉर्मलराव म्हणाले, आणि फोन ठेवून दोघांचं जेवण एकट्यानं जेवायच्या बेतानं पानावर बसले. पण बायकोनं निम्मंच वाढलं होतं.

जेवणं झाल्यावर तिनं वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं : "साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. माझा हात पुरत नाही, म्हणून लोखंडी स्टूल गॅलरीतून आत आणलं. एक पाय डुगडुगतो. खाली पुठ्ठा लावला."