वाळीत पडलेला ठिपका

माझा राग नाकावर असतो, हे मी शिकवते त्या कॉलेजातली पोरं पहिल्या आठवड्यातच ओळखतात. त्यामुळे बेंबळी गावची एक मुलगी माझ्यासमोर येऊन रडली, तेव्हा मीच गडबडले. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, संख्याशास्त्रात हुशार. पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं आणि वडील नको म्हणत होते. "अण्णा म्हणतात, आकडेमोड शिकून शेवटी करायचं काय?" मला त्या अण्णांचा असा संताप आला, की म्हटलं, दाखवूच त्यांना.

प्रकल्पासाठी तिनं गावातल्या शेतांची माती तपासून घेतली होती. प्रत्येक शेताची तीन मापं: आम्लता किती, क्षार किती, सेंद्रिय कर्ब किती. कागदावर दोन मापं नीट मांडता येतात, तिसऱ्याची अडचण होते. म्हणून आम्ही संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आलेख केला. एक शेत म्हणजे एक ठिपका, आणि सगळे ठिपके जणू हवेत लटकलेले. थोड्या ओळी लिहिल्या की त्याचं वेबपान तयार होतं. मोबाइलवर बोटानं ते हवं तसं फिरवायचं. ठिपक्याला बोट लावलं की शेताचं नाव दिसतं. तिनं आधी गट नंबर घातले होते. मी ओरडले, "अगं, आपल्या रानाला कुणी नंबरानं हाक मारतं का?" मग तिनं चिंचेचं रान, वढ्याकडची पट्टी, वरला माळ अशी लोकांच्या तोंडातली नावं घातली.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शेतकरी जमले. गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि मी क्षारांवर बोलायला उभी राहिले. एकानंही ऐकलं नाही. जो तो मान खाली घालून, आलेख फिरवत आपलं शेत शोधत होता. मला आधी राग आला, मग हसू. लग्नाच्या फोटोत तरी आपण दुसरं काय करतो?

तेवढ्यात अण्णांना त्यांचं चिंचेचं रान सापडलं. बाकीचे ठिपके एका घोळक्यात आणि हे लांब, एकटंच. ते तडक उठले.

"आपल्या रानाला वाळीत टाकलंस व्हय गं? सगळं गाव एकीकडं आन् आपण एकीकडं?"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "उसाला लई पाणी पाजलंत, अण्णा!" अण्णांचा चेहरा उतरला. झालं, पुणं गेलं, मी मनात म्हटलं.

अण्णा खाली बसले आणि आलेख फिरवायला लागले. इकडून, तिकडून, वरून. शेवटी एक बाजू अशी सापडली, की त्यांचा ठिपका बरोबर घोळक्यात दिसायला लागला. त्यांनी मोबाइल लेकीपुढं धरला. "हे बघ, आलं गावात. आता असंच ठेव."

ठेव की बाई, असं मी तिला डोळ्यांनी खुणावलं. त्या घडीला मला शास्त्रापेक्षा तिचं पुणं मोलाचं वाटत होतं. पण ती ऐकेना. बापाशेजारी बसली आणि आलेख हळूच परत फिरवला.

"अण्णा, तिकडून बघितलं की क्षार दिसतच न्हायत. रान हाय तिथंच हाय. जादा पाण्यानं क्षार वाढलेत आपल्यात. पाणी कमी केलं, ताग पेरून हिरवाच मातीत गाडला, तर ठिपका हळूहळू सरकंल गावाकडं."

मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी भीतीही वाटली. चहा आला, लोक पांगले, तरी अण्णा ठिपक्याला बोट लावून बसलेले. मग लेकीकडं न बघता मला म्हणाले, "मॅडम, ह्यो सरकतोय का न्हाय, ते पुढल्या साली परत बघावं लागंल की."

"लागेल."

"मग हे काम हिला पुण्यात बसून करता येतंय का?"

मला सांगायचं होतं बरंच काही. पण उत्तर तिनंच दिलं.

"येतंय, अण्णा. माती तेवढी तुम्ही पाठवा."