मावशी देशात पहिली आली तेव्हा

रविवारी सकाळी हर्णेला मावशीकडे गेले होते. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय...

माझी मावशी सोडे करते, म्हणजे कोळंबी सोलून वाळवते. गल्लीतल्या सात-आठ बायका मांडवाखाली आपापली पाटी घेऊन बसतात. जिची पाटी आधी संपेल तिने शेजारणीच्या पाटीत हात घालायचा आणि सगळ्यांनी एकदम उठायचं, अशी रीतच आहे. त्यामुळे कोण जलद आणि कोण सावकाश, याची कुणी कधी चौकशीच केली नाही.

तो शहाणपणा मी केला! गेल्या उन्हाळ्यात मावशीचा व्हिडिओ एका रेकॉर्डवाल्या संस्थेला पाठवला. परीक्षक आले, स्टॉपवॉच आलं, बॅनर लागला... एका तासात सर्वाधिक कोळंबी सोलण्याचं राष्ट्रीय रेकॉर्ड! त्यासाठी देशात दुसरं कुणी बसलंच नव्हतं, ते सोडा. सर्टिफिकेट मीच फ्रेम करून तिच्या भिंतीवर लावलं. फोटोत सगळ्यात पुढेही मीच होते.

रविवारी मांडवाखाली मावशी एकटीच होती. बाकीच्या उठून गेल्या होत्या आणि तिची अर्धी पाटी तशीच होती. पावसाळ्यापासून तिची बोटं आखडतात, हेही मला तेव्हाच कळलं.

"बाकीच्या कुठे गं?"

"गेल्या घरी. माका कशाला मदत? देशात पयली ना मी..." ती हसली, पण डोळे भरून आले होते.

आधी सगळ्या हे थट्टेत म्हणायच्या. मग थट्टेची सवय झाली आणि तिच्या पाटीत हात घालणं खरंच थांबलं. आणि देशात पहिली आलेल्या बाईने 'जरा हात लावा गो' म्हणायचं तरी कसं?

मी शेजारी बसून सोलायला घेतलं. आम्हा दोघींचं मिळूनही एका धड बाईइतकं काम होईना. ऊन चढत होतं, कोळंबी वाळत घालायची वेळ टळून चालली होती.

"बाय, तो कागद परत घेतात काय गो?" तिने खाली बघतच विचारलं.

मी तिच्या पाटीतली पुढची कोळंबी उचलली...

इतकी वर्षं ती त्या बायकांमधली एक होती. मला मात्र तेवढं पुरलं नाही. चुकले गं मावशी.