बटन सोडा, शेठ

येडशी स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी काही मोठी माणसं हात पसरून, तिरक्या रांगेत, गंभीर चेहऱ्याने चालताना कुणी पाहिली असतील, तर ते आम्ही होतो. पुढे मुजावर सर, पांढरी दाढी, हातात मिटलेली छत्री. छत्री डावीकडे झुकली की सगळ्यांनी डावीकडे वळायचं. चहावाल्याने एकदा विचारलं, "पाव्हणं, कोणच्या शाळंची कवायत हाय?" सर न थांबता म्हणाले, "विमानं हायेत. जरा वाट सोडा."

सर आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवून निवृत्त झालेले. खऱ्या विमानात ते कधी बसले नव्हते. पण इंटरनेटवर लढाऊ विमानं उडवायच्या खेळाचा त्यांना भारी नाद, आणि जिल्ह्यातले आमच्यासारखे नादी त्यांनी शोधून एकत्र आणले. आधी येडशीला पायी सराव, मग घरी जाऊन आपापल्या संगणकावर, कानाला हेडफोन लावून. "जे पायाला जमंना, ते हवेत काय जमणार?" असं ते म्हणत.

मी कळंबचा, जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. शून्यातून धंदा उभा केलाय, त्यामुळे कुणाच्या मागे चालायची सवय नाही. सरांनी मला नेमकं मागेच ठेवलं. पुढे सविता सिस्टर, उमरग्याच्या दवाखान्यात नर्स. त्यांच्या विमानामागे माझं. त्यांची पाठ राखायची, एवढंच काम. बोलायचं तर बटन दाबून, मोजकं; कारण एकाने बटन धरून ठेवलं की दुसऱ्याचा आवाज दबतो.

पुण्याच्या एका गटाशी आमचा सामना लागला. ढगाखाली शत्रूचं विमान मला दिसलं आणि मी बटन धरूनच ठेवलं. "आला, आला! माझ्याकडं वळा, मी सांगतो तसं करा." त्याच वेळी सिस्टर सांगत होत्या की दुसरं विमान माझ्या मागे आहे. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. आम्ही दोघेही पडलो. शत्रू आधी मलाच दिसला होता, हे मी आजही सांगतो.

सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "शेठ, हवेत लिलाव नसतो. आजपासून तुम्ही फक्त ऐकायचं." आणि माझा माईकच बंद केला.

मी फोन करून भांडलो. "सर, मी तोंडावर जगणारा माणूस आहे. हा अपमान आहे माझा."

"व्हय, तोंड लई चांगलं हाय तुमचं. पण ते सुरू झालं की बाकीचे आपले कान काढून ठेवतात. जरा सबर करा."

सोडून जाणार होतो. पण सोडलं असतं तर सरांचंच खरं झालं असतं, म्हणून राहिलो. मुकाट ऐकत उडत राहिलो. हळूहळू कळायला लागलं की सिस्टर घाबरल्या की शब्द तोडून बोलतात आणि वळायच्या आधी श्वास घेतात. दुकानातही गिऱ्हाईक गप्प झालं की मी गप्प बसू लागलो. मग तेच आपणहून बोलायचं. हे मला सरांनी दिलं. पण माईक काही दिला नाही, आणि तो राग मनात तसाच राहिला.

मग सरांना काचबिंदू झाला. मुलीने त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी सर हेडफोनवर म्हणाले, "आज पुढं मी. मागं शेठ." सिस्टर आणि बाकीचे नुसते ऐकत होते. सर छान उडाले. उतरायची वेळ आली तेव्हा त्यांचं विमान डोलायला लागलं.

"शेठ, धावपट्टी दिसंना. तुमचा माईक उघडलाय. बोला."

मी बटन दाबलं. "सर, थोडं उजवीकडं. बस. आता सरळ."

"थांबू नका. बोलत राहा."

"नाक जरा वर घ्या. पट्टी समोरच हाय. वेग कमी करा. अजून थोडा. घाबरू नका, मी मागंच हाय."

चाकं टेकली. विमान धावत जाऊन थांबलं.

"उतरलो," सर म्हणाले. "आता बटन सोडा, शेठ."

मी ते जरा उशिराच सोडलं.