इराचं कार्डातलं मराठी

भाचीची सहा वर्षांची मुलगी इरा जर्मनीहून पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. दारातच म्हणाली, "मावशीआजी, मला तुझी खूप आठवण आली." मी विरघळलेच. मग भाचीने कौतुकाने फोन दाखवला. इराला मराठी यावं म्हणून तिने त्यात कार्डं बनवली होती. फोटोवर बोट ठेवलं की कार्ड उलटायचं आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात एक वाक्य ऐकू यायचं. माझ्या फोटोमागे आठवणीचं तेच वाक्य होतं.

कल्पना छानच, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. इरा "भात मस्त झालाय" म्हणाली की वाटे, हे भाताचं कार्ड. गळ्यात पडून "तू मला आवडतेस" म्हणाली, तेव्हाही मी भाचीच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं. पाठ केलेली माया खरी कशी मानायची? तसं पाहिलं तर "बरं आहे ना?" हे आपल्यालाही कुणीतरी शिकवलेलंच असतं. विचारताना दर वेळी ते मनात असतं का, कोण जाणे.

एका दुपारी विळीवर भेंडी चिरताना माझं बोट कापलं. रक्त पाहून इरा धावत आली. माझा हात घट्ट धरून फुंकर घालत रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशीआजी, तुझा बोट रडतो!"

"तुझं बोट, इरा," भाची सुधारायला लागली.

"थांब गं," मी म्हटलं. "बोलू दे तिला."