न्यूट्रलायझर विसरलेले सर

मैत्रिणींनो, देवळाली कॅम्पात वीस वर्षं पार्लर चालवतेय, पण आजच्यासारखा दिवटा पाहिला नव्हता.

नाशिकला हेअर स्ट्रेटनिंगचं वर्कशॉप होतं. शिकवायला कोट घातलेले, कानाला माइक लावलेले एक सर. मॉडेल म्हणून सिन्नरची मुलगी बसवलेली, पुढच्या आठवड्यात तिचं लग्न.

सरांनी पहिली क्रीम लावली. ती केसातल्या प्रोटीनचे गंधकाचे बंध तोडते, म्हणून तर कुरळे केस सरळ करता येतात. पण तुटलेले बंध नव्या जागी पुन्हा जोडायला न्यूट्रलायझर लागतं. नाहीतर केस कंगव्यात हातभर तुटून येतात.

सरांनी केस धुतले, वाळवून इस्त्री फिरवली आणि थेट फोटो काढायला लागले!

"सर, न्यूट्रलायझर राहिलं," मी म्हणाले.

"ताई, ते जुनं झालं. बंध आपोआप जुळतात. जरा सायन्स वाचा."

आपोआप! उसवलेलं ब्लाउज आपोआप शिवलं जातं का हो?

मी उठले. त्यांच्याच पेटीतली न्यूट्रलायझरची सीलबंद बाटली फोडली आणि मुलीच्या केसांना लावली. सर माइकवर म्हणाले, "ताईंची हौस होऊ दे." सगळ्या हसल्या.

आपल्या या पार्लरवालींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या चौघी तिथेच होतात. चौघीही रोज न्यूट्रलायझर लावता.

सरांना येतच नव्हतं, त्यांचं सोडा. तुम्हाला तर येत होतं. मग त्यांच्यासोबत सेल्फी काढायला रांगेत कशा उभ्या राहिलात?